कातणं घेऊन लखनौला

लखनौला जायचं ठरलं ते एका कातण्यामुळे. करंजीची कड कापायचं पितळी चाक, लाकडी मुठीचं, आमच्या आईचं. लखनौच्या बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं कातणं दर नाताळात मोडतं, असं ताईचं फोनवर रडगाणं चालू होतं. "आणि आईचं तुझ्याकडे नुसतं पडलंय." नुसतं पडलेलं नव्हतं, माझ्या बायकोच्या रोजच्या हाताचं होतं. पण थोरल्या बहिणीशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही. बायको म्हणाली, "कुरिअर करा." ताई म्हणाली, "आईची वस्तू कुरिअरनं येते होय रे? तू घेऊन ये." झालं. सासूबाईंच्या आजारपणामुळे बायकोला निघता येत नव्हतं. तेव्हा दोन हजार अकराच्या डिसेंबरात, नगरच्या शाळेतल्या माझ्या चित्रकलेच्या तासांवर दुसऱ्या मास्तरांना बसवून, मी एकटाच निघालो.

आता लखनौला मेट्रो धावते म्हणे, आणि ताईच्या घरासमोरच्या मोकळ्या मैदानात इमारती उभ्या राहिल्यात. मला आठवतं ते त्यापूर्वीचं लखनौ. ते तसंच आठवायला मला आवडतं.

अमौसी

पुण्याच्या विमानतळावर माझी हातातली पिशवी यंत्रातून दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा साहेबांच्या टेबलावर आली. "ये क्या है?" साहेबांनी कातणं दोन बोटांत धरून विचारलं. मी हिंदीत करंजी समजावू लागलो. रवा, मैदा, सारण, मग अर्धगोल घडी. मागे रांग तुंबली. शेवटी साहेब म्हणाले, "अंकल, गुझिया बोलिए ना!" आणि कातणं मोठ्या बॅगेत टाकून ती सामानात द्यायला लावली. बायकोनं दिलेला चकल्यांचा डबा उघडून त्या बॅगेत जागा करावी लागली, आणि त्या गडबडीत निम्म्या चकल्यांचा चुरा झाला. बहिणीकडे जाताना माणसानं एवढं सोसलं पाहिजे.

दिल्लीत विमान बदललं आणि लखनौवर आलो तर खाली लखनौच नव्हतं. नुसतं धुकं. आभाळात बऱ्याच घिरट्या घातल्यावर कधीतरी चाकं जमिनीला लागली. अमौसीला, म्हणजे लखनौच्या विमानतळावर, बाहेर पडलो तेव्हा दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कानटोपी, मफलर आणि त्यावर आणखी एक मफलर अशा थाटात उभे होते. औषधांच्या संशोधनात सगळा जन्म गेलेला हा माणूस, पण सर्दीला भुतासारखा घाबरतो. त्यांच्या शेजारी दोन मुली होत्या. छोटी पिंकी धावत आली आणि "मामाजी, आपके मुँह से धुआँ निकल रहा है!" म्हणत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरी दहाएक वर्षांची, वेणीला लाल रिबीन, जरा मागेच थांबली होती. तिनं माझी पिशवी घेतली आणि हळूच विचारलं, "मामा, आई का पहिया लाए?"

ती चंदा.

जानकीपुरम

ताई-दाजींचं घर जानकीपुरममध्ये, दुमजली, पुढे गुलदाउदीच्या, म्हणजे आपल्या शेवंतीच्या, कुंड्या. त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन दूर गेल्यावर हे घर त्यांना खायला उठलं. त्यांच्या चर्चमधल्या काही मंडळींनी तेव्हा एक काम सुरू केलं होतं. ज्यांना कोणी नाही, किंवा ज्यांचं कोणी सापडत नाही, अशा मुलांना वसतिगृहात न ठेवता एखाद्या कुटुंबात ठेवायचं, सरकारी बालकल्याण समितीच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली. ताईनं "एक मूल घेऊ" म्हणून सुरुवात केली. मी गेलो तेव्हा घरात पाच होती.

ही पाचही मुलं ताईला "आई" म्हणत आणि दाजींना "पापा". मराठी सगळी समजे, उत्तरं मात्र हिंदीत. ताई म्हणायची, "पिंकी, हात धुऊन ये," आणि पिंकी म्हणायची, "धो लिए आई, सूँघ के देखिए." सूँघिए, बैठिए, खाइए. आमच्या नगरला पाच वर्षांच्या पोराला कोणी "आपण बसा" म्हटलं तर ते पोर घाबरून रडेल. इथे दूधवाला भैयासुद्धा पिंकीला म्हणे, "बिटिया, आप ज़रा बरतन ले आइए." दोन दिवसांत मीही स्वतःला सुधारून घेतलं. परत गेल्यावर बायकोला चुकून "आप बैठिए" म्हणालो आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुपारचं ऊन हीच तिथली खरी चैन. बारा वाजता धुकं फाटायचं, आणि सगळं जानकीपुरम गच्चीवर चढायचं. आम्हीही चटया घेऊन चढायचो. गरम शेंगा, त्यांच्याबरोबर हिरव्या मिरचीचं मीठ, भाजलेली रताळी. दाजी एक मफलर उतरवायचे. ताई मटार सोलता सोलता नगरची विचारपूस करायची. कोण गेलं, कोणाच्या घरी कोण आलं, आपल्या चर्चच्या आवारातलं चिंचेचं झाड आहे का अजून. चिंच नव्हती, पण मी आहे म्हणून सांगितलं. एवढ्या लांब राहणाऱ्या माणसाला एक झाड द्यायला काय जातंय!

पहिल्या संध्याकाळी, दिवे लागल्याबरोबर, घरची प्रार्थना झाली. आमच्या घरची ती लहानपणापासूनची रीत. आईनं ती कधी चुकवली नाही, आणि ताईनं ती नगरहून उचलून लखनौला जशीच्या तशी मांडली होती. सगळे खाली चटईवर. प्रभूची प्रार्थना मराठीतून, आणि ती मुलं असे स्वच्छ उच्चार करत होती की आमचे पाळकसाहेब खूश झाले असते. मग एकेकानं आपल्या मनातलं मागायचं, हवं त्या भाषेत. पिंकीनं माझ्या मोडलेल्या चकल्यांसाठी प्रार्थना केली. मग चंदाची पाळी आली. ती डोळे मिटून, अगदी शांत आवाजात म्हणाली, "प्रभु, वो जो परसों आने वाली हैं, वो न आएँ."

आमेन म्हणायला कोणी पुढे झालं नाही. मी एक डोळा उघडून पाहिलं. ताईची नजर जमिनीवर होती. शेवटी दाजींनीच आमेन म्हटलं.

जेवणानंतर ताईनं मला सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी चंदा चारबाग स्टेशनवर सापडली होती, एकटी, तापानं फणफणलेली. नाव तेवढं सांगायची, गावाचं नाव सांगता यायचं नाही. समितीनं खूप शोध घेतला, कोणी आलं नाही. आणि आता, पाच वर्षांनी, सीतापूरकडच्या एका खेड्यातून एक बाई आली होती. नाव रामदुलारी. ती म्हणत होती, की ही माझ्या मेलेल्या बहिणीची मुलगी. बहीण वारल्यावर बाप मुलीला घेऊन कामाच्या शोधात निघाला आणि वाटेत कुठेतरी चुकामूक झाली. तो पुढे पंजाबात वीटभट्टीवर वारला, आणि हे सगळं रामदुलारीला कळायलाच काही वर्षं गेली. एकदा ती येऊन चंदाला बघून गेली होती. चंदानं तिला ओळखलं नव्हतं. बाईकडे फोटो नाही, मुलीची जन्माची नोंद नाही.

"समितीच्या मॅडम म्हणाल्यात, परवा तिला पुन्हा घरी आणतो, मुलीबरोबर बसू देऊ, आणि मग तुम्ही तुमचं मत सांगा," ताई म्हणाली. "मुलगी ओळखत नाही आणि आमचीही खात्री पटत नाही असं मी म्हटलं, तर चंदा इथेच राहील. माझ्या एका शब्दावर आहे रे सगळं."

"मग तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ती बाई खोटं बोलतेय." मग म्हणाली, "मला तसं वाटायला हवंय."

गच्चीवरच्या करंज्या

दुसऱ्या दिवशी करंज्यांचा घाट. सारणावरून ताईनं लखनौशी तह केला होता. आमच्याकडे सुकं खोबरं आणि भाजलेला रवा. इथल्या मुलांना गुझिया म्हणजे खवा, आणि तोही होळीला. तेव्हा ताईच्या करंजीत निम्मं खोबरं, निम्मा खवा. नगरच्या बायकांनी ऐकलं असतं तर नाकं मुरडली असती, पण चव म्हणाल तर मी तळता तळताच चार खाल्ल्या.

गच्चीवर जुनी चादर पसरली होती. ताईच्या घरी एक कायदा आहे: डिसेंबरात जो कोणी घरात पाऊल टाकील त्याच्या हातात लाटणं येतं. मीटर बघायला आलेल्या माणसानंसुद्धा दोन पुऱ्या लाटल्याची कथा दाजी रंगवून सांगतात. दाजी लाटत होते, मुलं सारण भरत होती, आणि ताई आईचं कातणं कडेवरून सर्रकन फिरवत होती. पितळेची दातेरी नक्षी उमटली की आई आठवायची. तीही अशीच, मान तिरकी करून, ओठ दुमडून फिरवायची.

चंदा मात्र कातणं मागत नव्हती. ती कड बोटांनीच वळवत होती. मी चित्रकलेचा मास्तर, माझी नजर तिकडे गेलीच. दोन मुरडी, मग वर उचललेला एक चिमटा, पुन्हा दोन मुरडी, पुन्हा चिमटा. टोकाला आल्यावर उरलेलं पीठ तोडून न टाकता ती त्याचा बारीक मणी वळायची आणि तिथेच दाबून बसवायची.

"चंदा, कातणं घे ना बाळा," ताई म्हणाली. "दरवर्षी सांगते हिला. किती ओबडधोबड दिसतात." आणि तिनं चंदाच्या करंजीची ती सगळी कड, मण्यासकट, कातण्यानं कापून टाकली.

"अपने आप हो जाता है, आई," चंदा म्हणाली. "मोती तो लगाना पड़ता है न."

ताईनं ते ऐकलंही नसेल. तिचं लक्ष तेलाकडे होतं. करंज्यांची ही आमच्या घरची पद्धत होती, आणि आमच्या घरच्या पद्धतीपुढे आम्हा भावंडांना दुसरं काही दिसत नाही.

संध्याकाळी चंदा माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, आपके नगर में स्कूल है?" म्हटलं, आहे की, मी तिथेच तर शिकवतो. "तो आप हमको ले चलेंगे? कल सुबह?" मी तिला कागदावर नगरचा किल्ला काढून दिला. तिनं तो घेतला, पण मी उत्तर टाळलंय, हे तिला बरोबर कळलं होतं.

रामदुलारी

रामदुलारी आली ती समितीच्या मॅडमबरोबर. काटक बाई, तपकिरी शाल, पायात मोजे नाहीत. खोलीत आल्यावर ती खुर्चीच्या अगदी काठावर टेकली. चंदा स्वयंपाकघरात फ्रिजच्या आड जाऊन उभी राहिली. मॅडम आणि दाजी चहा घेत बोलत होते. रामदुलारी चहाचा कप हातात घेऊन नुसती बसली होती, प्यावा की नाही असा विचार करत. मग म्हणाली, "नाम तो नहीं बदला आप लोगन ने?"

"चंदाच आहे," ताई मराठीतच बोलून गेली, मग सावरून म्हणाली, "माँ का दिया नाम है, हम क्यों बदलेंगे? हम प्रार्थना में बिठाते हैं, बाकी उसकी मर्ज़ी."

रामदुलारीनं मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.

ताईला नुसतं बसणं जमत नाही. कालच्या करंज्यांचं थोडं पीठ आणि सारण उरलेलं होतं. अस्वस्थ झाली की ती काम काढते, आणि कायदा तर कायदा. "ऐसे क्या बैठी हैं, आइए, हाथ लगाइए," असं म्हणत तिनं त्या बाईला स्वयंपाकघरात नेलंच. मी मागोमाग गेलो. दोघी जमिनीवर बसल्या. चंदा आमच्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभी होती.

रामदुलारीनं शाल मागे सारली, एक पुरी घेतली, सारण भरलं, कडेला पाण्याचं बोट फिरवलं, आणि वळू लागली.

दोन मुरडी. एक चिमटा. दोन मुरडी. एक चिमटा.

टोकाशी आल्यावर तिनं उरलेल्या पिठाचा मणी केला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. ती करंजी तिनं ताईपुढे ठेवली आणि दुसरी पुरी घेतली. तिच्या दृष्टीनं त्यात काही विशेष झालंच नव्हतं.

ताईच्या हातात कातणं होतं. सवयीनं ते करंजीच्या कडेपर्यंत गेलं सुद्धा. एकदा फिरवलं असतं तर ती करंजीही बाकीच्यांसारखी दिसली असती, आणि ज्या बाईला आपण काय केलं हेच ठाऊक नव्हतं, तिला पुन्हा कधी ते सांगता आलं नसतं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पाच वर्षांच्या वेण्या, पाच वर्षांचे ताप, पाच वर्षांच्या संध्याकाळच्या प्रार्थना, सगळं त्या चाकाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं.

ताईनं कातणं खाली ठेवलं.

"चंदा," ती म्हणाली. "इकडे ये, बाळा. एक करंजी कर. तुझ्यासारखी."

चंदा आली, रामदुलारीकडे न बघता बसली, आणि खालमानेनं करंजी केली. दोन मुरडी, एक चिमटा. मणी लावायला लागली तशी रामदुलारी अगदी सहज बोलून गेली, "मोती छोटा रखो बिटिया, नाहीं तो तेल में फूट जाई."

चंदाचे हात थांबले. पहिल्यांदाच तिनं मान वर करून त्या बाईकडे पाहिलं.

"आपको मोती किसने बताया?"

"हमारी अम्मा ने. हमको औ' तुम्हारी अम्मा को, एक साथ." रामदुलारीची बोटं पिठात तशीच होती. "जीजी तुमको गोद में बैठाय के गुझिया की किनार गोंठती थीं. तुम मोती बनाती थीं. बस मोती."

चंदा उठली नाही.

ताईनं दोन्ही करंज्या एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवल्या, पुरावा मांडावा तशा, आणि बाहेरच्या खोलीत गेली. "मॅडम, आपको हमारी राय चाहिए थी," ती म्हणाली. "ये देखिए. इसके बाद मुझे कोई शक नहीं है." मॅडमना सुरुवातीला काहीच कळलं नाही, म्हणून तिनं सगळं नीट समजावून सांगितलं, कालच्या कापून टाकलेल्या कडांसकट. मग ती सरळ गच्चीवर गेली.

मी गेलो तेव्हा ती वाळलेले कपडे काढत होती आणि धाय मोकलून रडत होती. "पाच वर्षं मी तिच्या आईची मुरड कापत होते रे," ती म्हणाली. "ओबडधोबड म्हणून." मी तिच्या हातातले कपडे घेतले. काही वेळानं तिनं विचारलं, "मी गप्प बसले असते, तर कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं," मी म्हणालो.

"तू बोलला असतास?"

"नाही."

"माहीत होतं मला," ती म्हणाली, आणि पिंकीचा फ्रॉक झटकून घडी घालू लागली.

हजरतगंज

नाताळच्या संध्याकाळी हजरतगंजच्या मोठ्या चर्चला गेलो. आमच्या नगरला नाताळ म्हणजे आपल्या माणसांचा सण. इथे अर्धं शहर लोटलेलं. बुरखे, टोप्या, टिकल्या, लाल टोपडी घातलेली बाळं, सगळे रांगेत, गोठ्यातलं बाळ बघायला. मला ती गर्दी फार आवडली. दाजींनी सगळ्यांना मफलर गुंडाळले होते.

चंदानं माझं बोट धरलं होतं. तिचे प्रश्न आता बदलले होते. सीतापूरला बस कुठून जाते? मौसीच्या घरी बकरी आहे, ती चावते का? आणि मग, "मामा, आई रोएँगी?" मी म्हटलं, "हो, रडेल. पण तिला रडू येतं तेव्हा ती कामाला लागते, काळजी करू नकोस." तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं. तिनं गुलाबी फुगा मागितला, आणि मी तिला दोन घेऊन दिले.

नगर

समितीची कामं आपल्या गतीनं चालतात. मी परतल्यावर रामदुलारीच्या काही फेऱ्या झाल्या, चंदा आधी थोडे दिवस राहून आली, आणि थंडी ओसरताना ती कायमची गेली. त्या दिवशी ताईचा फोन आला. बोलली थोडंच. शेवटी म्हणाली, "आईचं कातणं मी तिला दिलं."

मी उडालोच. "अगं, विमानतळावर भांडून आणलं होतं मी ते!"

"तेच तर. रिकाम्या हातानं पाठवू का लेकीला?"

यावर भावानं काय बोलायचं? आमच्या स्वयंपाकघरात त्या वर्षापासून बायको सुरीनं कड कापते, आणि दर नाताळात मला टोमणा मारते.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला. मागे मुलांचा गोंधळ, पिंकीचा आवाज सगळ्यांत वर. ताई म्हणाली, "चंदा आलीय, मौसीबरोबर. डबाभर गुझिया आणल्यात. आल्या आल्या आत जाऊन स्वतःच ताट घेतलं, पाहुणीसारखी बसली नाही." मग म्हणाली, "डबा उघडला रे मी. निम्म्यांना मोती आहेत. निम्म्यांना कातण्याचे दात."

मी काही बोलायच्या आत फोन चंदाच्या हातात गेला होता.

"मामा, पहिया ठीक चल रहा है," ती म्हणाली. "मौसी ने कहा था, आधी मोती वाली, आधी आई वाली बनाना."